शिवाप्पाचा उजवा गुडघा

पहाटे चारला खंडोजीचा दिवस सुरू व्हायचा. गजर लावावा लागत नसे. ज्याने निम्मं आयुष्य कारखान्याची पहिली पाळी केली, त्याला गजर कशाला? तोंडावर पाणी मारायचं, बायकोने, अनुसूयाने, रात्री झाकून ठेवलेली नाचणीची भाकरी चहाबरोबर उभ्याउभ्या खायची, जिन्याखालची सायकल बाहेर काढायची आणि बेंगळुरातल्या राजाजीनगरातून बसवनगुडीच्या वाटेला लागायचं. मार्केटकडे शेवंतीची गाठोडी घेऊन निघालेल्या रिक्षा तेवढ्या वाटेत भेटायच्या. पोरं साडेपाचला यायची. त्यांच्या आधी कोर्ट तयार व्हायला हवं.

कॉलेजचं व्हॉलीबॉलचं कोर्ट तांबड्या मातीचं होतं. आदल्या संध्याकाळी त्यावर पाणी मारलेलं असायचं. सकाळी माती ओलीही नसते आणि कोरडीही नसते, अशी एक वेळ असते. तेव्हाच रूळ फिरवायचा. लवकर फिरवला तर माती रुळाला चिकटून उचलली जाते, उशीर केला तर दबत नाही. कॉलेजला माळी होता, रूळ ओढणं त्याचंच काम होतं. पण तो कडेला रूळ वळवताना उचलून वळवत नसे, घासत वळवायचा, आणि तिथे खड्डा पडायचा. कडेला खड्डा पडला की कुणाचा तरी घोटा मुरगळणारच. म्हणून खंडोजी स्वतः रूळ ओढायचा. माळी कट्ट्यावर बसून विडी ओढत बघायचा.

"अण्णा, पगार मला मिळतो आणि रूळ तुम्ही ओढता," माळी म्हणायचा.

"पगार दोघांनाही मिळतो. काम एकालाच येतं," खंडोजी म्हणायचा.

खंडोजीचे पूर्वज कधीतरी मराठ्यांच्या फौजेबरोबर आले आणि इथलेच झाले. घरात मराठी होतं, पण त्यात अर्धं कन्नड मिसळलेलं. वडील टांग्याच्या चाकांना लोखंडी धावा बसवायचे. खंडोजी उंच निघाला, हात लांब, आणि त्या काळी बेंगळुरातल्या मोठ्या कारखान्यांचे स्वतःचे व्हॉलीबॉलचे संघ असायचे. उंचीवर नोकरी लागली. सकाळची पाळी लेथवर, संध्याकाळी सराव. लेथवर त्याला कुणी खेळाडू म्हणून सूट दिली नाही आणि त्यानेही मागितली नाही. गुडघे कुरकुरायला लागल्यावर खेळ थांबला आणि शिकवणं सुरू झालं. मग कारखाना बंद पडला. हातात आलेला पैसा मुलीच्या, चंदनाच्या, लग्नात गेला. ती तुमकूरला असते. कॉलेजने त्याला कोच म्हणून ठेवलं. कायम नाही. दर जूनला नवं पत्र मिळायचं, पुढच्या मेपर्यंतचं.

बारा वर्षं पत्र मिळत गेलं, कारण खंडोजीची पोरं नोकरीला लागत. कप तर मिळतच होते, कॉलेजच्या काचेच्या कपाटात मावत नव्हते. पण खंडोजी कप मोजत नसे. पोलिसात कोण गेलं, रेल्वेत कोण, वीजमंडळात कोण, ते त्याला तोंडपाठ होतं. शेतमजुराचं पोर, हमालाचं पोर, उंची आणि उडी घेऊन यायचं, तीन वर्षं त्याच्या हाताखाली राबायचं आणि खेळाडूंच्या जागेवर सरकारी नोकरीत चिकटायचं. मग एक दिवस लग्नाची पत्रिका घेऊन यायचं. अनुसूया त्या पत्रिका भाजीच्या टोपलीत टाकायची आणि तारीख आली की त्याला आठवण करून द्यायची.

अलीकडे त्या जागा आटल्या होत्या. बँकांनी संघ बंद केले. कारखाने तर उरलेच नव्हते. गेल्या दोन वर्षांत त्याचं एकही पोर कुठे लागलं नव्हतं, आणि मारतहळ्ळीकडच्या कॉम्प्युटरच्या कंपन्यांमध्ये उडीला काही किंमत नव्हती.

अशा दिवसांत शिवाप्पा आला होता. चिकोडीकडचा. बाप नाही, आई गंगव्वा दुसऱ्याच्या उसात भांगलायला जायची. सामान खताच्या पोत्यात भरून आणलेलं. पहिल्या दिवशी खंडोजीने त्याला सूचना दिल्या, तर हा तोंडाकडे बघत राहिला.

"सर, तुम्ही मराठी बोलायलाय की कन्नड?"

"दोन्ही. तुला कळतंय ना?"

"कळतंय की."

"मग पळ. दहा चकरा."

पोरगं डावखुरं होतं. व्हॉलीबॉलमध्ये चांगला डावखुरा मारणारा सहज मिळत नाही. समोर ब्लॉक करून अडवणाऱ्यांना त्याचा हात उलटा येतो, अंदाज चुकतो. उडीही होती. ओबडधोबड होती, एका पायावर उतरायची खोड होती, ती खंडोजीने मोडली. वर्षभर त्याने शिवाप्पाला एकच गोष्ट शिकवली असं म्हटलं तरी चालेल: दोन्ही पायांवर उतर. डावखुरा मारून उतरतो तो उजव्या पायावर. सगळं अंग एका गुडघ्यावर पडतं. असे कितीतरी गुडघे खंडोजीने जाताना पाहिले होते, त्यातला एक त्याचा स्वतःचा.

तिसऱ्या वर्षी रेल्वेची भरती निघाली. खेळाडूंच्या जागा थोड्याच, आणि त्यातली एक उजव्या बाजूने मारणाऱ्याची, जिथून डावखुऱ्याचा हात सोयीचा पडतो. शिवाप्पासाठी शिवून काढल्यासारखी. ट्रायल शिवरात्रीनंतर. कॉलेजतर्फे कोण जाणार, ती यादी खंडोजी देणार होता. त्याने पोराला कोर्टाच्या कडेला बसवलं.

"ट्रायल होईपर्यंत जत्रा नाही."

शिवाप्पाने मान खाली घातली. चिकोडीकडे जत्रेत कुस्त्या होतात तशाच व्हॉलीबॉलच्या स्पर्धाही होतात. नांगरलेल्या रानावर पाणी मारून, चार बांबूंवर दिवे टांगून. गावोगावचे संघ बाहेरून मारणारे आणतात, पैसे देतात. कॉलेजची पोरं गुपचूप जातात आणि पाय खराब करून येतात. हे खंडोजीला माहीत होतं.

"दुसऱ्या गावच्या न्हाई जात सर. आमच्या गावची तेवढी..."

"तुमच्या गावची पण नाही."

"आमच्या गावची जत्रा हाय सर. गावचा पोरगा असून खेळला न्हाई म्हटल्यावर आईला पाणवठ्यावर बोलतील."

"बोलू दे. देवीला सांग, नोकरी लागली की येतो. देवीला घाई नसते."

"देवीला न्हाई सर. गावाला असते."

खंडोजी हसला. शिवाप्पाही हसला. विषय तिथे संपला, असं खंडोजीला वाटलं.

फेब्रुवारीत एका शुक्रवारी शिवाप्पा म्हणाला, आईला बरं नाही, दोन दिवस जाऊन येतो. खंडोजीने बसचं भाडं दिलं. अनुसूयाने गंगव्वासाठी कोडबळी, म्हणजे इकडची कडबोळी, तळून बांधून दिली. सोमवारी पोरगं परत आलं. आईला कसं आहे विचारल्यावर "बरं हाय" म्हणालं. अंगावर लांब पँट होती. एरवी तो गुडघ्याच्या वर चड्डी घालायचा. थंडी वाजते, म्हणाला. त्या दिवशी त्याची उडी कमी पडली. खंडोजीने प्रवासाचा शीण धरला.

मंगळवारी दुपारी शंभूराजने फोनवर एक चित्रफीत पाठवली. शंभूराज खंडोजीच्या पहिल्या संघातला, आता बेळगावकडे पोलिसात. खाली लिहिलं होतं: सर, तुमचं पोरगं गाजवतंय. खंडोजीने चष्मा लावून बघितलं. भंडाऱ्याने पिवळा झालेला शिवाप्पा लोकांच्या खांद्यावर. शेजारी बक्षिसाचा मेंढा, शिंगांना कागदी फुलं. मागे कुणीतरी हलगी बडवत होतं.

खंडोजीने ते अनुसूयाला दाखवलं नाही. तिने कोडबळी तळली होती.

खेळला याचा त्याला राग नव्हता, असं तो स्वतःला सांगत राहिला. गावची जत्रा होती, वय होतं, गेला. पण आईच्या आजाराचं निमित्त करून तोंडावर खोटं बोलला, ते त्याला लागलं. रेल्वेच्या माणसांपुढे तो ज्या पोराची हमी देणार होता, ते पोर असं.

खंडोजीने आजवर एकाही पोरावर हात उचलला नव्हता. त्याच्या स्वतःच्या कोचने शिट्टीच्या दोरीने वळ उठवले होते, तेव्हाच त्याने ठरवलं होतं की आपण मारायचं नाही. शिवीही द्यायची नाही. त्याच्याकडे घंटी होती. बैलाच्या गळ्यातली पितळी घंटी, नेटच्या वर हातभर उंचीवर बांबूला टांगलेली. उडी मारून बोटांनी वाजवायची. कुणी सरावाला दांडी मारली, कुणी खोटं बोललं, की खंडोजी त्याला घंटीखाली उभं करायचा. किती उड्या, ते सांगायचा नाही. पोर दमलं की आपणच खरं काय ते बोलायचं. आजपर्यंत सगळी बोलली होती. बोलली की खंडोजी पाण्याची बाटली द्यायचा आणि त्या गोष्टीचं नाव पुन्हा काढायचा नाही. आसपासच्या घरांतल्या बायकांनाही घंटी किती वेळ वाजते त्यावरून कळायचं, आज कुणीतरी हट्टी आहे.

बुधवारी सकाळी सराव सुरू झाला तेव्हा खंडोजी म्हणाला, "शिवा, घंटीखाली ये."

पोरं थांबली.

"तुम्ही तुमचं पासिंग चालू ठेवा. इथे काही तमाशा नाही."

शिवाप्पा नेटजवळ आला. त्याने एकदा खंडोजीकडे बघितलं आणि उडी मारली. घंटी वाजली. पुन्हा मारली. वाजली. काही उड्यांनंतर खंडोजीच्या लक्षात आलं, तो डाव्या पायावर उतरतोय. उजवा पाय हवेत, टेकवायचा म्हणून नुसता टेकवतोय.

"एका पायावर काय उतरतोस? बगळा आहेस का?"

पासिंग करणारी पोरं हसली.

"न्हाई सर."

"मग दोन्ही पायांवर."

"होय सर."

दोन उड्या दोन्ही पायांवर झाल्या. मग पुन्हा डावा. वर्षभर राबून मोडलेली खोड एका जत्रेत परत आली, असं खंडोजीला वाटलं; जुनी खोड उजव्या पायाची होती, हे त्याच्या ध्यानात आलं नाही. त्याचा राग तिथे जास्त चढला. खोटं एकवेळ माफ झालं असतं. केलेलं काम वाया गेलेलं त्याला सहन होत नसे.

"काही सांगायचंय मला?"

शिवाप्पाचा चेहरा घामाने भिजला होता. सकाळ गार होती. ओठ आत दाबलेले. बोलेल, असं वाटलं.

"न्हाई सर."

"सरी, ठीक आहे. मग चालू दे. दोन्ही पायांवर."

पोरगं उडालं. घंटी वाजली. दोन्ही पायांवर उतरलं.

आवाज आला. मोठा नव्हता, पण पासिंग करणाऱ्या पोरांनाही ऐकू गेला. शिवाप्पा आधी बसला, मग आडवा झाला. ओरडला नाही. मूठभर माती धरून पडून राहिला.

खंडोजीने पँट वर सारली. गुडघ्याला चिंधी गुंडाळलेली होती, एकावर एक. सोडवत नेली तर आत हळद-चुन्याचा लेप, वाळून तडकलेला. दोन-चार दिवसांचा असावा. लेपाखाली गुडघा नारळाएवढा.

"कधी लागलं?"

"जत्रेत. शेवटच्या डावात."

"मला का नाही सांगितलंस?"

शिवाप्पाने डोळे मिटले. "सांगितलं असतं तर यादीतनं नाव काढलं असतं की तुम्ही."

काढलं असतं, हे खरं होतं.

राजाजीनगरातल्या हाडांच्या डॉक्टरने एमआरआयचा फोटो उजेडाला धरून दाखवला. हाडं जोडणारा आतला बंध पूर्ण तुटला होता, शेजारची गादीही फाटली होती. डॉक्टर म्हणाला, आधी थोडंच फाटलं असावं, महिनाभर पाय जमिनीला लावला नसता तर कदाचित भागलं असतं. आता ऑपरेशन. त्यानंतर चालेल, जिने चढेल, ओझं उचलेल. उडी नाही.

"कधीच नाही?" खंडोजीने विचारलं.

"तुम्ही कोच ना?" डॉक्टर म्हणाला. "मग तुम्हाला मी काय सांगणार?"

कॉलेजात जयतीर्थ त्याची वाट बघत होता. जयतीर्थ तिथला फिजिकल डायरेक्टर, वयाने लहान, माणूस सरळ. त्याने कॉफी मागवली, दार लोटून घेतलं आणि कन्नडमध्ये म्हणाला, "खंडोजी, पोराला जत्रेत लागलं. हे खरं आहे ना?"

"खरं आहे."

"प्रिन्सिपॉलसमोर तेवढंच सांगा. पुढचं कोण विचारणार आहे?"

"पुढचं मीच केलं ना."

"केलंत. पण तुम्हाला माहीत नव्हतं. जूनचं पत्र अजून यायचंय. या वयात दुसरीकडे कोण घेणार तुम्हाला? आणि विमा तरी कुठे मिळतोय? तो फक्त स्पर्धेतल्या दुखापतीला आहे. तुम्ही खरं सांगून पोराला एक पैसा जास्त मिळणार नाही."

ते सगळं बरोबर होतं. खंडोजीने कॉफी संपवली, प्रिन्सिपॉलच्या खोलीत गेला आणि दोन्ही गोष्टी सांगितल्या. जत्रेत लागलं. आणि घंटी मी वाजवायला लावली, एका पायावर उतरत होता तो मी दोन्हीवर उतरवला. प्रिन्सिपॉलने चष्मा काढून पुसला. ठीक आहे, म्हणाले.

माळ्याने दुसऱ्या दिवशी घंटी बांबूसकट उतरवली. त्याला कुणी सांगितलं, खंडोजीने विचारलं नाही.

घरी अनुसूया कोथिंबीर निवडत होती. ती दोघं अजून भाड्याच्या दोन खोल्यांत राहत. बेंगळुरात भिशीला चीटी म्हणतात. खंडोजीचा कॉलेजचा पगार आला की निम्मा चीटीत जायचा, बारा वर्षं एकही महिना न चुकता. उरलेल्या निम्म्यात अनुसूया घर चालवायची. मागडी रोडच्या पलीकडे एक लहानशी जागा तिने हेरून ठेवली होती. येत्या रविवारी बघायला जायचं होतं.

"ऑपरेशन कोण करणार?" तिने विचारलं.

"डॉक्टर."

"पैसे कोण देणार ते विचारते."

"चीटी उचलावी लागेल."

"सगळी?"

"सगळी."

ती कोथिंबिरीच्या काड्या मोडत राहिली. "उडी त्याने मारली, गुडघा त्याचा गेला, आणि घर माझं गेलं."

"होय."

"होय म्हणून मोकळे झालात." तिने पाटी बाजूला सारली. "आणि तो राहणार कुठे? हॉस्टेलवर कॉट खेळणाऱ्यालाच देतात."

"इथे आणावं म्हणतोय."

"मग बाहेरच्या खोलीत खाट टाका. आतल्या खोलीत पाय लांब करायला जागा नाही. तुम्हाला तर ते कळतही नाही, तुम्ही घरात असता कधी?"

रविवारी ती जागा बघायला गेली नाही. नंतरही त्या जागेबद्दल बोलली नाही. फक्त वर्तमानपत्रातलं जागांच्या जाहिरातींचं पान ती आधी वाचायची, ते आता डब्यांखाली अंथरायला घेऊ लागली.

ऑपरेशन झालं. गंगव्वा आली, ज्वारीच्या कडक भाकऱ्या आणि शेंगदाण्याची चटणी घेऊन. पोराच्या पायाशी बसली. बँडेजवरून हात फिरवला नाही, शेजारी ठेवला. तिला आल्यापासून एक गोष्ट विचारायची होती, ती तिने जाताना विचारली. खंडोजी तिला बसपर्यंत सोडायला आला होता.

"अण्णा, पोरगं खोटं बोललं ते तुम्हाला आधीच म्हाईत होतं?"

"होतं."

"मग दोन तोंडात का न्हाई दिल्या?"

"मी पोरांना मारत नाही, अक्का."

गंगव्वाने पदर डोक्यावर ओढला. "मारलं असतं तर बरं झालं असतं. मार खाल्ला असता, रडला असता, संपलं असतं."

तिच्या आवाजात राग नव्हता. बस आली, ती चढली. खिडकीतून तिने हात जोडले. खंडोजीनेही जोडले. मारत नाही, ही गोष्ट त्याने इतकी वर्षं मिरवली नव्हती, पण मनात एका बाजूला नीट जपून ठेवली होती. आता त्या गोष्टीचं काय करायचं, ते त्याला कळेना.

ट्रायलच्या दिवशी तो दुसऱ्या दोन पोरांना घेऊन गेला. त्यांचं काही झालं नाही. उजव्या बाजूने मारणाऱ्याची जागा दुसऱ्या कॉलेजच्या पोराला मिळाली. पोरगं मेहनती होतं, उडी शिवाप्पापेक्षा वीतभर कमी होती. खंडोजीने त्याच्या पाठीवर थाप मारली आणि घरी येऊन शिवाप्पाला सगळं सांगितलं. शिवाप्पाने एवढंच विचारलं, "दोन्ही पायांवर उतरतो का?"

"उतरतो."

"मग टिकेल."

मग रोजचा व्यायाम सुरू झाला. खाटेवर टाच सरकवत गुडघा वाकवायचा, धरून ठेवायचा, सोडायचा. आधी थोडा, मग अजून थोडा. खंडोजीने यातही कसूर केली नाही. कॉलेजातून आला की पहिलं काम ते. टॉवेल घडी करून गुडघ्याखाली ठेवायचा, मांडीच्या स्नायूवर बोट ठेवून तो घट्ट होतोय का बघायचा. नुसता पाय हलवलेला त्याला चालत नसे. पण आता प्रत्येक वेळी तो विचारायचा, "दुखतंय?"

"न्हाई सर."

इथे खंडोजी अडायचा. पूर्वी पोराचं "न्हाई" आणि "होय" ऐकून तो पुढचं काम ठरवायचा. आता शिवाप्पा "न्हाई" म्हणाला की तो त्याच्या कपाळाकडे बघायचा, ओठांकडे बघायचा, घाम आलाय का बघायचा. आणि खात्री होत नाही म्हणून पाय खाली ठेवायचा. एकदा शिवाप्पा वैतागला.

"सर, खरंच न्हाई दुखत. अजून वाकवा की."

"असू दे. उद्या."

"असं केलं तर कधी व्हायचं?"

अनुसूया दारातून म्हणाली, "अहो, तुम्ही सरा. मी बघते." तिने येऊन पोराचा गुडघा धरला. "काय रे, दुखलं तर ओरडशील ना?"

"ओरडीन की, अक्का."

"माझ्या कानाला त्रास झाला तरी चालेल. ओरड."

तिने वाकवला. तो खरंच ओरडला, आणि दोघंही हसली. त्या दिवसापासून व्यायाम तिच्याकडे गेला. खंडोजी बाहेर पायरीवर बसून आतला आवाज ऐकायचा.

कोर्टावरही तसंच झालं. पहाटे रूळ फिरत होता, चुन्याच्या रेघा सरळ पडत होत्या, पण शिकवणं राहिलं नव्हतं. एखादं पोर लंगडल्यासारखं दिसलं की खंडोजी त्याला बसवायचा. पोरांना ते कळलं. दमलं की गुडघ्याला हात लावायचा, की विश्रांती. पूर्वी ज्यांचा त्याने घाम काढला असता ती पोरं कट्ट्यावर बसून फोन बघायला लागली. खंडोजीला ती लबाडी दिसत होती. दिसूनही तो काही बोलू शकत नव्हता. विद्यापीठाच्या स्पर्धेत संघ पहिल्याच फेरीत बाहेर पडला.

जूनमध्ये पत्र आलं नाही. कुणी बोलावूनही सांगितलं नाही. जयतीर्थ घरी आला, सोबत फळं घेऊन. वयाचा नियम आलाय, म्हणाला. खाली बघून म्हणाला.

"सरी," खंडोजी म्हणाला. "कडेला रूळ उचलून वळवायला सांग माळ्याला."

तेव्हापासून तो चारला उठतो आणि सहापर्यंत पायरीवर बसून राहतो. मग एका किराणा गोदामात जातो, तिथे पोती मोजून घ्यायचं काम मिळालं. काम बरं आहे, फक्त त्यात शिकवण्यासारखं काही नाही.

शिवाप्पाचं खेळाडूंच्या कोट्यातलं कॉलेज सुटलं. फी भरून शिकायची ऐपत नव्हती आणि परीक्षाही बुडाली होती. गावी जाऊन काय करणार, उसात वाकून बसणं त्या गुडघ्याला जमत नव्हतं. मारतहळ्ळीला घरोघर पार्सल पोचवायचं काम मिळत होतं, पण गाडी स्वतःची हवी. ऑपरेशन आणि औषधांनंतर चीटीतलं जे उरलं होतं ते खंडोजीने काढलं. जुनी मोटारसायकल स्वस्तात मिळत होती, चांगली होती. पण तिची किक उजव्या पायाने मारायची आणि मागचा ब्रेकही उजव्या पायानेच दाबायचा. तो पाय तेवढा भरवशाचा नव्हता. म्हणून बटण दाबून चालू होणारी, दोन्ही ब्रेक हातात असलेली जुनी स्कूटर बघितली. ती महाग पडली. उरलेलं सगळं त्यात गेलं.

गाडी आणली त्या दिवशी अनुसूयाने हँडलला झेंडूची माळ घातली आणि चाकाखाली लिंबू ठेवलं. शिवाप्पा बसला. उजवा पाय वर घ्यायला त्याला मांडीखाली हात घालावा लागला. हे आपण बघितलेलं त्याला कळू नये म्हणून खंडोजीने मान वळवली. बटण दाबताच इंजिन लागलं.

"जातो सर."

"हळू जा," खंडोजी म्हणाला.